आमची वाटचाल : पातं आधी, छाप नंतर

जुन्या पात्यांची पारख आणि डागडुजी हा आमचा पुण्यातला धंदा. सुरुवातीला दसऱ्याच्या पूजेआधी वाड्यांतल्या तलवारी साफ करून द्यायचो. त्यांत फिरंग असायचेच, म्हणजे मूठ आपली आणि पातं युरोपातलं. त्यांच्यावरच्या खुणा बघता बघता एक गोष्ट पक्की झाली : पात्यावर गावाचं नाव आहे म्हणून पातं त्या गावचं ठरत नाही. जर्मनीतल्या पासाऊ गावची खूण म्हणजे धावता लांडगा, तो तिथल्याच झोलिंगेन गावच्या लोहारांनी सर्रास कोरला, स्पेनमधल्या तोलेदोच्या उस्तादांची नावंही त्यांनीच ठोकली. 'आंद्रेआ फेरारा' हे नामांकित इटालियन लोहाराचं नाव तर कुणीही लिहायचं. सतराव्या शतकातल्या पात्यावर '१४१४' दिसलं की लोक साल समजून हुरळतात.

खंजिरांचं काम मागाहून वाढलं. मधली वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका स्टिलेटोबद्दल, म्हणजे फक्त भोसकायच्या बारीक युरोपी खंजिराबद्दल, कारण त्यापायी दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती.

एका मोठ्या व्यापाऱ्याने तो आणला. तिकोनी पातं, धार नाही, नुसतं टोक, आणि एका बाजूवर अंक. 'व्हेनिसच्या तोफचीचा, सतरावं शतक' असा दाखला हवा होता. असे स्टिलेटो खरोखर असतात. त्यांच्यावरचे अंकही बहुधा ठरलेले : १, ३, ६, ९, १२, १४, १६, २०, ३०, ४०, ५०, ६०, ९०, १००, १२०. तोफेच्या तोंडावर पातं आडवं धरायचं आणि किती पौंडी गोळा लागेल ते वाचायचं. गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं, तेव्हा रेघा सारख्या अंतरावर येऊच शकत नाहीत. व्हेनिसचा हलका पौंड सुमारे ३०१ ग्रॅमचा. त्या मापाचा एक पौंडी बिडाचा गोळा साधारण ४३ मिलिमीटरचा भरतो. म्हणजे शून्यापासून १ची रेघ ४३वर आणि १२०ची २१२च्या आसपास, पाचपटीला किंचित कमी. १ ते ३मध्ये १९ मिलिमीटर, १२ ते १४मध्ये जेमतेम पाच. पौंड दुसऱ्या गावचा असला तर आकडे बदलतील, प्रमाण तेच राहतं.

व्हर्निअर, म्हणजे बारीक अंतर मोजायचं माप, लावला, तर सगळी अंतरं सारखी. एवढ्यावरून आम्ही नकली म्हणत नाही. खंजीर बाळगण्याची मुभा तोफचींना होती, म्हणून इतरांनीही नावापुरते अंक कोरून घेतले असं मानतात. निरर्थक मोजपट्टी अस्सल पात्यावरही सापडते. मग दहापटीचं भिंग, आणि टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा. कोरलेल्या रेघेचा तळ निमुळता असतो. ठसा मारला असेल तर भोवतीचा धातू फुगतो. अ‍ॅसिडने खाल्लेल्या अक्षराचा तळ सपाट आणि खरबरीत दिसतो. खरी साक्ष मात्र गंजाची. गंजाचा खड्डा रेघेला खाऊन पुढे गेला असेल तर रेघ आधीची. इथे रेघच खड्डा चिरून गेली होती, तळ चकचकीत. पातं जुनं असेलही, अंक नंतरचे. तेवढंच आम्ही लिहून दिलं.

शहरातल्याच एका प्रतिस्पर्ध्याने मोबाइलवरचे फोटो बघून संध्याकाळपर्यंत दाखला दिला, सोनेरी शिक्क्यासकट. व्यापाऱ्याने आमचं काम बंद केलं आणि त्याच्या ओळखीच्यांनीही पाठ फिरवली. भाडं थकलं, लेथ विकावं लागलं. आडमुठे म्हणून नाव झालं ते वेगळंच. त्याहून राग येतो तो असे दाखले देणाऱ्यांच्या बफिंगचा, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणण्याचा. फोटो चांगला यावा म्हणून आधी बफ फिरवतात. खुणेची कड गोल होते, खड्ड्यांची साक्ष पुसते, आणि पुसलेलं परत आणणारं यंत्र कुणाकडे नाही.

त्या काळात दुकान चाललं ते नाशिकच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांमुळे. ते म्हणायचे, "दाखला राहू द्या हो, कारण लिहून द्या." सोळाव्या शतकातला म्हणून त्यांनी घेतलेल्या खंजिराच्या पात्यावर, मुठीलगत, 'फाब्रिका दे तोलेदो' असं बारीक अक्षरांत होतं. हा स्पेनच्या राजाचा कारखाना १७६१चा, म्हणजे खंजीर त्याआधीचा नाहीच. त्यांनी आमचा कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढचा खंजीर काढला. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

विचारलं नाहीत तरी सांगतो. चिंच, लिंबू, राख पात्याला लावू नका. मूठ उपसू नका. पात्याच्या मुठीत गेलेल्या शेपटीचं टोक वरून ठोकून पसरवलेलं असतं, सोडवताना तेच तुटतं. अक्षरं लागत नसतील तर टिश्यू कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, दोन्ही बाजूंनी आणि अगदी मुळापर्यंत. ओलसर म्यानात पातं ठेवू नका, चामड्यातल्या आम्लाने ते आतून खाल्लं जातं. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार सोडा.

फोटो पाठवलेत तर शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे वस्तू आणण्याजोगी आहे का ते कळवू. लेखी अभिप्राय मात्र पातं हातात घेतल्यावरच.