गूळ काळपट का?
आज दुकानात गुळाचीच चर्चा. एक काकू ढेप हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, हा इतका काळपट का?" मग त्यांना बसवून सांगितलं. उसाचा रस भेंडीच्या झाडाच्या चिकट पाण्याने साफ केला की गूळ तपकिरीच उतरतो; पिवळाधमक रंग बहुतेकदा हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीमुळे येतो. त्यांनी खडा तोंडात टाकला आणि अर्धा किलो बांधायला सांगितला. गिऱ्हाइकाशी असं निवांत बोलता यावं म्हणूनच तर मी हे दुकान चालवते!

संध्याकाळी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आला. पोतं सोडताच दुकानभर वास. शेजारच्या आजोबांसाठी दोन किलो बाजूला काढलाय. खपली गहू मात्र संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल.