शोकेसमधलं काळं रबरी खेळणं

घरी कुणी नवीन माणूस आलं की चहा येईपर्यंत त्याची नजर शोकेसकडे जाते आणि ठरलेला प्रश्न येतो: "हे काय, कॅल्क्युलेटर? एवढं जपून का ठेवलंय? आणि शेजारी ही कॅसेट कसली?" गणपतीत तर दिवसातून चार वेळा. "जुना कॉम्प्युटर आहे," एवढं सांगून मी मोकळा होतो. पण परवा तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि पुन्हा विचारलंत, म्हणून सांगतो.

त्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. वहीएवढा आकार, वर रबराची ४० बटणं, उजव्या कोपऱ्यात तिरका रंगीत पट्टा. २३ एप्रिल १९८२ ला तो इंग्लंडमध्ये जाहीर झाला. ४८ के (किलोबाइट) मेमरीचा १७५ पौंडांना. त्याच वर्षी बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश कॉम्प्युटरचं बी मॉडेल ३९९ पौंडांना मिळत होतं. (तीच बीबीसी मायक्रो, जी १९८४ नंतर 'क्लास' या सरकारी कॉम्प्युटर-शिक्षण प्रकल्पातून आपल्याकडच्या काही शाळांत आली.)

तो विकणारे क्लाइव्ह सिंक्लेअर कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. सतराव्या वर्षी शाळा सुटली, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात लेखन, १९६१ मध्ये स्वतःची कंपनी. या माणसाची एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात घेतली की यातलं काय काढून टाकलं तरी चालेल, हे आधी बघायचं. १९७२ चा त्यांचा खिशातला कॅल्क्युलेटर घ्या. त्या काळच्या चिप वीज इतकी खात की छोट्या बॅटऱ्या टिकत नसत. यांनी चिपला वीज सलग दिलीच नाही, क्षणोक्षणी तोडत दिली. चिपला पत्ता लागायच्या आत वीज परत हजर! म्हणून तो कॅल्क्युलेटर एक सेंटिमीटरपेक्षा बारीक होऊ शकला आणि कानाच्या यंत्रात घालतात तसल्या बटण-सेलवर चालला.

१९८० च्या झेडएक्स८० या त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हीच खोड. किंमत ९९ पौंड ९५ पेन्स, सुटे भाग घेऊन स्वतः जोडलात तर ७९.९५. पडदा म्हणून घरातला टीव्ही, साठवणीला घरातला टेपरेकॉर्डर. टीव्हीवर चित्र काढायला वेगळं सर्किट नाही, ते कामही प्रोसेसरच्याच गळ्यात. त्यामुळे तुम्ही बटण दाबलं की तो तिकडे वळायचा आणि चित्र गायब. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स८१ मध्ये चिप उरल्या फक्त चार आणि तयार मशीनची किंमत ६९.९५ पौंडांवर आली. मेमरी १ के, म्हणजे या लेखाचा जेमतेम पहिला परिच्छेद मावेल इतकी. मागे जादा मेमरीचा १६ केचा डबा लावता येई, पण तो डुगडुगायचा आणि टेबलाला धक्का लागला की तासाभराचं टायपिंग पाण्यात. लोक तो चिकटमातीने चिकटवून ठेवत. तरी पंधरा लाखांवर विकला गेला. काटकसर आणि चिंधीगिरी यांतली रेघ या गृहस्थांनी वारंवार ओलांडली, हे मी त्यांचा भक्त असूनही म्हणतो.

आता आमच्या घरातला. मामा बोटीवर होता, त्याने १९८५ मध्ये लंडनहून आणला. घरी जोडला तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. इंग्लंडमधल्या टीव्हीसाठी बनवलेलं ते यंत्र यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यातल्या ३६ नंबरच्या चॅनेलवर बोलणार, आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या खटखट फिरणाऱ्या बटणाला व्हीएचएफ या खालच्या पट्ट्याच्या पलीकडे जग नव्हतं. शेजारच्या काकूंकडे आखातातून आलेला कलर टीव्ही होता. दुपारी दूरदर्शन बंद असायचं, तेवढा वेळ काकूंनी दिला.

तिथे पहिली गंमत कळली. यात 'प्रिंट' (पडद्यावर छाप) हा हुकूम अक्षर अक्षर टाइप करावा लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला 'पी' दाबलं की आख्खा 'प्रिंट' उमटतो, 'एफ' दाबलं की 'फॉर', 'जे' दाबलं की 'लोड'. आख्ख्या शब्दाला मेमरीत जागा एकाच अक्षराची. त्या रबरावर लांबलचक टायपिंग कुणी केलंही नसतं म्हणा. मी २९ च्या पाढ्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि दहावर थांबायचं सोडून हजारापर्यंत सोडला. बावीस ओळी भरल्या आणि यंत्र थांबलं. खाली एकच शब्द: 'स्क्रोल?' काकू पदराला हात पुसत आल्या. "अरे, ते काय विचारतंय? उत्तर दे ना त्याला!"

गेम कॅसेटवरून चढवायचे. कडेला लाल आणि आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, सोबत कानात खिळा घातल्यासारखी किंचाळी, चार-पाच मिनिटं. तेवढ्यात श्वासही जपून घ्यायचा. आमचा टेपरेकॉर्डर जुना, त्याचं हेड (टेप वाचणारा भाग) वाकडं. त्याच्या बारीकशा स्क्रूला पाव आटा इकडे-तिकडे देत आवाज सर्वांत कर्कश कुठे होतो ते शोधायचं. किंचाळी जितकी टोकदार तितकी खात्री जास्त. नाहीतर शेवटच्या सेकंदाला 'टेप लोडिंग एरर'. चित्रातही काटकसर होतीच. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे हिरव्या झाडाआडून पिवळा माणूस गेला की झाडालाच कावीळ व्हायची.

पुढे आपल्याकडेही डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला, पण तोवर माझं गाडं पीसीकडे वळलं होतं. सिंक्लेअरही तोवर 'सर' झाले होते (१९८३), आणि कॉम्प्युटरमधून आलेला पैसा सी५ नावाच्या तीन चाकी विजेच्या गाडीत घालून बसले होते. जानेवारी १९८५ मध्ये ती आली आणि सपशेल आपटली. १९८६ मध्ये कॉम्प्युटरचा धंदा नावासकट अॅमस्ट्रॅड या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीला ५० लाख पौंडांना विकावा लागला. मला वाटतं, कॉम्प्युटर हे त्यांचं प्रेम नव्हतंच. स्वतः तर ते ईमेलसुद्धा वापरत नसत. १६ सप्टेंबर २०२१ ला ते गेले, वय ८१. आमच्या ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं, 'आकडासुद्धा मॉडेलचाच निवडला.'

आणि शोकेसमध्ये त्याच्या शेजारी ठेवलेली ती कॅसेट? ती बाबांची. ए बाजूला नाट्यगीतं आहेत. दुसऱ्या बाजूलाही होती, पण त्या दुपारी पाढा साठवायला घरात कोरी कॅसेट सापडेना. बाबांनी रविवारी सकाळी टेप लावला, तान ऐन रंगात आली आणि मधूनच किंचाळी सुरू. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तर लेबलावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: 'बाजू बी. यंत्रासाठी. माणसांनी लावू नये.'