लंडनकर आणि इतर मंडळी

वेंगुर्ल्याकडच्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट उघडा, पानभर 'कर' दिसतील. रेडीचे रेडकर, परुळ्याचे परुळेकर, आरोंद्याचे आरोंदेकर. गावाच्या नावाला दोन अक्षरं चिकटली की माणूस तयार. संध्याकाळी आमच्या पडवीत इंग्रजी शिकायला येणाऱ्या मुलांना म्हणूनच मी 'प्रत्यय' हा भारदस्त शब्द आधी सांगतच नाही. 'लंडनर' म्हणजे लंडनकर, एवढंच सांगते. मग व्हिलेजर, फार्मर, टीचर ही मंडळी न बोलावता येतात आणि शब्द पाठ करायची कटकट निम्मी होते.

"मगे बाई, कुकर म्हणजे जेवाण करणारो?"

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्तच आहे. इंग्रजीत रांधणारा माणूस 'कुक' आणि भांडं 'कुकर'. झालं असं, की माणसाचा 'कुक' फार जुना, लॅटिनमधून आलेला. क्रियापद त्याच्यावरून नंतर घडलं. पुढे रांधायची यंत्रं आली तेव्हा 'कुकर' ही जागा रिकामीच होती. माणसाआधी नाव भांड्याला मिळालं असं मुलांना वाटतं, पण प्रकार उलटा आहे.

उपसर्गांसाठी मला फळा लागत नाही. रिचार्ज, रिफिल, अनलॉक हे शब्द मुलं शाळेत जायच्या आधीपासून बोलतात. 'अनलिमिटेड' तर मालवणातल्या थाळीच्या पाटीवरही असतो. त्याचे अन, लिमिट आणि एड असे तीन तुकडे पडतात म्हटल्यावर पोरं हरखतात. तोडायचा नाद मात्र एकदा लागला की आवरत नाही. मुंबई-गोवा हायवेवर टँकरच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेलं, 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारं, तेव्हा हा टँकर मुळीच पेटणार नाही, असा एकाने निकाल दिला. नियमाप्रमाणे त्याचं चुकलं नव्हतं! पण हा 'इन' नकाराचा नाही, 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणे यातला आहे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. असल्या ठिकाणी तर्कापेक्षा शब्दकोश बरा.

तारकर्लीच्या पाट्यांवरचा 'स्कूबा'ही त्यांनी सोडला नाही. 'स्कू' म्हणजे काय आणि 'बा' कोणाचा, यावर बराच खल झाला. त्यात धातूही नाही, प्रत्ययही नाही. सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस या लांबलचक नावाची नुसती आद्याक्षरं आहेत. पोरं जरा रुसलीच.

माझा लाडका तुकडा 'पोर्ट'. हापूसच्या पेट्यांमुळे 'एक्सपोर्ट' इथे सगळ्यांना माहीत. एका मुलीने ठामपणे सांगितलं, बंदरातून बाहेर तो एक्सपोर्ट, बंदरात आत तो इम्पोर्ट. उत्तर बरोबर, वाट वेगळी. हा पोर्ट लॅटिन 'पोर्टारे'मधला, म्हणजे वाहून नेणे. म्हणून ट्रान्सपोर्ट, म्हणून पोर्टेबल, म्हणून स्टेशनावरचा पोर्टर. बंदर ते 'पोर्टुस'. पण दोघांचं मूळ एकच, अगदी सख्खी भावंडं, तेव्हा तिला चूक म्हणणं माझ्या जिवावर आलं. त्यातून 'पासपोर्ट'मधला पोर्ट बंदराचाच निघतो, हे कळल्यावर तर तिने मान अशी काही ताठ केली की पुढचा धडा तिनेच घ्यावा.

आता ती कुठलाही पोर्ट दिसला की विचारते, "बाई, हो व्हावणारो की बंदरातलो?" 'रिपोर्ट'बद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं, 'री' म्हणजे परत, पोर्ट म्हणजे नेणं, जे परत नेऊन पोचवायचं ते. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, रिपोर्ट कार्ड घराक व्हावन न्हेऊकच लागता काय?