नवशिक्या चालकाची जुनी मोटरसायकल: घेताना मी काय काय तपासलं

चालवायला नवीन, पण गाडी मात्र किकची, पॉइंटची (म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) आणि कार्बोरेटरची हवी, असं ठरलं की एक गोष्ट आधीच पक्की धरावी लागते: गाडीत दोष असणारच. बघायचं ते एवढंच, की हा दोष पान्यानं निघणारा आहे की गाडीसोबत कायम राहणारा. केबल, टायर, पॉइंट, बॅटरी, पॅकिंग, पेट्रोलची नळी बदलता येते. वाकलेली चासी, खाडाखोड केलेला नंबर, कुठेच न मिळणारी टाकी आणि क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा, ठोका हे विकत घेऊ नये. नवशिक्याचं नेमकं उलटं होतं. गंजलेल्या सायलेन्सरला तो घाबरतो आणि ताज्या रंगाला भुलतो.

गाडी बघायला जाण्याआधी मी त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट बुक मिळवलं. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, पॅकिंग सेट, ऑइल सील, पॉइंट आणि केबल आज मिळतात का, ते एकेक करून शोधलं. इंजिनाचे भाग बहुतेकदा मिळतात. अडतं ते पत्र्यावर. साइड पॅनल, मडगार्ड, टाकी, हेडलाइटची वाटी नसेल तर अख्खी गाडी अडकून पडते.

कागद आधी. चासी नंबर साधारण हँडलखालच्या मानेवर असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. चिखल-ग्रीस पुसून टॉर्चच्या उजेडात दोन्ही वाचले आणि नोंदणीच्या कागदाशी अक्षर अन् अक्षर जुळवले. अंक वरखाली असतील, आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा असतील, किंवा फक्त तेवढ्याच जागी नवा रंग असेल, तर तिथूनच परत फिरावं.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बेंड पाइपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीला, हात लावणं. पाइप गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबायचं, कारण थंड इंजिन कसं उठतं यातच कार्बोरेटर, कॉम्प्रेशन आणि स्पार्क तिन्हींची परीक्षा असते. स्विच बंद ठेवून किक हळू दाबली. चार स्ट्रोकच्या गाडीत एका जागी पाय स्पष्ट अडला पाहिजे आणि तो दाब क्षणभर टिकला पाहिजे. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. कॉम्प्रेशन गेज असेल तर प्लगच्या जागी लावून, थ्रॉटल पूर्ण उघडून किका माराव्यात. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं: आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. दोन सिलिंडरच्या गाडीत दोघांमध्ये 10-15 टक्क्यांहून जास्त फरक नको.

किक मारायची पद्धतही इथेच शिकावी. दाब लागतो ती जागा शोधायची, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) असेल तर तो ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, किकची लिव्हर वर येऊ द्यायची आणि मग एका झटक्यात खालपर्यंत. गुडघा ताठ ठेवायचा नाही. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी बसते आणि ताठ पायाला ती मोठी इजा करते.

चालू झाल्यावर धूर बघायचा. सुरुवातीला निळा भपका येऊन विरला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सीलमधून ऑइल उतरतंय. रेस केल्यावर निळा धूर वाढत गेला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हे कार्बोरेटरचं काम, घाबरायचं कारण नाही. ड्राय संपच्या, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, जुन्या ब्रिटिश गाड्या बरेच दिवस उभ्या राहिल्या की त्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये जमा होतं आणि चालू करताच ढगभर धूर होतो. तो मिनिटभरात ओसरला तर इंजिन वाईट ठरवू नये. टू स्ट्रोकचा नियम वेगळा: थोडा निळसर धूर असणारच. पण गिअर ऑइलच्या वासाचा दाट पांढरा धूर आला आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं त्या बाजूचं सील फाटलंय. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडल्यावरही रेस खाली येत नाही, आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टन जॅम होतो.

पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून तळ पाहिला. तपकिरी पापुद्रे असतील तर तेच कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) जाऊन बसतात. आतून पूर्वी लावलेलं सीलंट सुटून लोंबत असेल तर ते गंजापेक्षा त्रासदायक, कारण ते काढणंच अवघड.

सगळ्यात जास्त वेळ मी पुढच्या चाकाला दिला. गाडी डबल स्टँडवर घेतली, सोबत आणलेल्या माणसाला मागून दाबायला सांगितलं आणि पुढचं चाक अधांतरी केलं. हँडल दोन बोटांनी अगदी हळू डावीकडून उजवीकडे नेलं. बरोबर मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) वाट्यांना बॉलचे खड्डे पडलेत. अशी गाडी सरळ रस्त्यावर सतत हलक्या झोकांड्या खाते. मग फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे हलवले. टक् असं हाताला जाणवलं तर कोनसेट ढिला. तो कसता येतो, खड्डे पडलेला मात्र बदलावाच लागतो. फोर्कच्या पाइपवर सील घासतं त्या पट्ट्यात नख फिरवलं. क्रोमला नख अडेल इतके टोचे असतील तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत कापलं जाणार. मानेच्या मागच्या नळ्यांवर रंगाला सुरकुत्या असतील तर गाडी समोरून आदळलेली आहे.

मागचं चाक आडवं हलवून स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या वरखाली हलणाऱ्या भागाचे) बुश पाहिले, आरे पान्यानं हलकेच वाजवले. बद्द वाजतो तो ढिला. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढली. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर संपूर्ण चेनसेट संपलाय. टायरवर 2319 असे चार आकडे असतील तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा, नक्षी कितीही खोल दिसो.

मल्टिमीटर जवळ ठेवावा. 12 व्होल्टच्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर इंजिन बंद असताना साधारण 12.6 आणि रेस केल्यावर 14 च्या आसपास दिसलं तर चार्जिंग ठीक.

नवशिक्यानं अनोळखी जुनी गाडी स्वतः पळवून बघू नये, अनुभवी माणसाला चालवू द्यावी. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. घाईच्या क्षणी पाय सवयीनं चुकीच्या बाजूला जातो. चालवणाऱ्यानं प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन मग थ्रॉटल सोडायचा; गिअर आपोआप निसटला तर आतले डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दाते) झिजलेत आणि इंजिन उघडावं लागणार. वरच्या गिअरमध्ये रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय.

गाडी घरी आल्यावर ती लगेच रस्त्यावर नेली नाही. आधी ऑइल, टायर-ट्यूब, पेट्रोलची नळी, क्लच आणि ब्रेकच्या केबल बदलल्या. ड्रम उघडून लायनर पाहिले, चकाकी आलेले पॉलिश पेपरनं घासले आणि ती पूड तोंडानं फुंकण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसली, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि ड्रमवरचा आर्म यांत साधारण काटकोन असावा. आर्म त्यापुढे जात असेल तर जोर कमी पडतो आणि लायनर संपत आल्याचं ते चिन्ह आहे. पॉइंटचा गॅप फिलर गेजनं 0.35 ते 0.40 मिमी ठेवला, मॅन्युअलमध्ये तोच होता. मग मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव केला, कारण पुढे ड्रम ब्रेक असलेली गाडी डिस्कवाल्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ऑइल गरम असतानाच पुन्हा सोडलं आणि आरे, इंजिनचे बोल्ट व चाकांचे नट परत कसून घेतले.