डीजेची गाडी गोशालच्या वेशीवर अडली

मी टूरच्या ऑफिसात आयटिनररी बनवायचं काम करते. मागच्या डिसेंबरमधला एक दिवस मात्र लक्षात राहिलाय. अकरा जणांचं कुटुंब, सगळ्यात मोठे काका बहात्तर वर्षांचे, सगळ्यात धाकटी सहा वर्षांची, आणि 18 जानेवारीपासून सहा दिवस मनाली. विमानाची तिकिटं त्या दिवशी दुपारपर्यंतच होल्डवर होती, म्हणजे सगळं काय ते तोपर्यंत नक्की करायचं.

सकाळी काकांच्या पुतण्याने यादी पाठवली : रोहतांग घाट, चंद्रताल सरोवर, स्पितीतलं काझा. मी कपाळावर हात मारला. अहो, ही मे-जूनची यादी! जानेवारीत 3,978 मीटरवरचा रोहतांग बंद असतो, स्पितीकडे नेणाऱ्या कुंझुम खिंडीचा रस्ता पण बंद, म्हणजे मनालीकडून चंद्रतालही नाही नि काझाही नाही. काझाला जायचंच असेल तर शिमला, किन्नौरवरून लांबचा वळसा, आणि तो सहा दिवसांत, लहान मुलीला घेऊन, मी तरी लावून देणार नाही. मग उरतो रोहतांगच्या खालून जाणारा अटल बोगदा. 9.02 किलोमीटर, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू गाव. तिथे बर्फ मिळायची शक्यता मनाली गावापेक्षा बरीच जास्त. पण बर्फ पडला की पोलीस गाड्या अडवतात, टायरला साखळ्या लावलेल्या फोर बाय फोर गाड्याच सोडतात, तेही सोडले तर. म्हणून मी सिस्सूसाठी एक दिवस आणि त्याच्या पाठीला एक मोकळा दिवस ठेवला. पुतण्या म्हणाला मोकळा दिवस म्हणजे पैसे फुकट. मी म्हटलं दादा, मोकळा दिवस नसला तर बर्फ पडलेला हॉटेलच्या खिडकीतून बघाल. (हे वाक्य मी हिवाळ्यात रोज एकदा तरी बोलते.)

एवढं पटलं, मग त्याने खरी फर्माईश काढली. मुक्काम हॉटेलात नको, मनालीजवळच्या गोशाल गावातल्या होमस्टेत हवा, तिथे रात्री शेकोटी आणि डीजे, काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. मी होमस्टेवाल्यांना फोन लावला, शेकोटीचं विचारलं तर हो म्हणाले, आणि डीजे म्हटल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘मॅडम, संक्रांत के बाद तो हमारे यहाँ टीवी भी नहीं चलता.’

मला हे माहीत नव्हतं, आणि आठ वर्षं मनालीच्या टूर लावतेय, त्यामुळे जरा लाजच वाटली. मकर संक्रांतीपासून 42 दिवस गोशाल आणि आजूबाजूची काही गावं मौन पाळतात. म्हणजे माणसं बोलतात, पण टीव्ही, रेडिओ, गाणी बंद, मोबाईल सायलेंटवर, शेतातली कामंसुद्धा बंद. देव तपस्येला बसलेत, त्यांना आवाजाचा त्रास नको अशी श्रद्धा. देऊळही बंद असतं, आत माती लिंपलेली, आणि उघडल्यावर त्यात जे सापडतं त्यावरून वर्ष कसं जाणार ते सांगतात. 18 जानेवारी म्हणजे बरोब्बर त्या दिवसांत, आणि हे सांगायचं मलाच.

पुतण्या वैतागला. ‘मग दुसरं गाव बघा ना!’ बघते म्हटलं, मनाली बाजाराजवळची दोन हॉटेलं काढलीसुद्धा. तेवढ्यात त्याच्या हातातून फोन काकांनी घेतला, ते इतका वेळ स्पीकरवर ऐकत होते बहुतेक.

‘ताई, टीव्ही बंद?’
‘हो काका.’
‘गाणी बंद?’
‘हो, आणि तुम्हालाही हळू बोलावं लागेल.’
‘किती दिवस आहोत आपण तिथे?’
‘तीन रात्री.’

मागून काकूंचा आवाज आला, ‘तीनच?’

बाराला दहा मिनिटं असताना मी तिकिटं कन्फर्म केली, मुक्काम गोशाल. डीजेच्या जागी मी यादीत आणखी सहा जोड लोकरीचे मोजे लिहिले.