घरी काय सांगून आलीस?

मी आमच्या ग्रुपचा खजिनदार. म्हणजे दारावर जमलेले पैसे मोजायचे, साउंडवाल्या काकांचे आधी द्यायचे, मग बँडवाल्यांचं रिक्षाभाडं, आणि उरलेच तर पुढच्या वर्षाला ठेवायचे. अजून उरलेले नाहीत. वर्षातून एकदा, मार्चमधल्या एका गुरुवारी, पुण्यातले चार-पाच रॉक बँड एका क्लबात वाजवतात आणि प्रत्येक बँडमध्ये पुढे उभी राहून गाणारी मुलगी असते. कार्यक्रम एवढाच. २०१० साली एनएच७ वीकेंडर हे मोठं म्युझिक फेस्टिव्हल पुण्यात सुरू झालं, त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आमच्याही अंगात आलं. त्यांचं मैदानात, आमचं बेसमेंटमध्ये.

गुरुवारच का, असं दरवर्षी कुणीतरी नवीन विचारतं. शुक्रवार-शनिवार डीजेचे, ते आम्हाला कोण देणार? आणि मार्च का? जुलै उजाडला की पुण्यातला प्रत्येक चांगला ड्रमर कुठल्या ना कुठल्या ढोल-ताशा पथकात जातो, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत त्याचे हात त्याचे राहत नाहीत. डिसेंबरात सवाई आणि लग्नं. उरला मार्च. त्यात बारावीची परीक्षा आणि बँकांचं इयर-एंड. खजिनदार बँकेत नोकरीला आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही, असो. आठ मार्च मात्र पहिल्या वर्षानंतर आम्ही कटाक्षानं टाळतो. त्या दिवशी क्लबनं स्टेजभोवती गुलाबी फुगे लावले होते, आणि पहिल्याच गाण्यात बेसवालीच्या गिटारचं टोक लागून दोन फुटले. लोकांना वाटलं स्पीकर गेला.

पोलिसांचा परवाना, गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स, अँपसमोर, म्हणजे गिटारच्या स्पीकरसमोर, फोडायचा नारळ, हे सगळं होतं. कसं होतं ते सांगत बसत नाही.

पोस्टरवरून भांडण मात्र नेमानं होतं. ‘फीमेल-फ्रंटेड’ हा शब्द छापायचा की नाही? पहिली दोन वर्षं छापला. तिसऱ्या वर्षी एका गायिकेनं सरळ विचारलं, “मुलं गातात तेव्हा ‘मेल-फ्रंटेड’ लिहिता का? हा काय गाण्याचा प्रकार आहे?” तिचं बरोबर होतं. शब्द काढला, तर लोक विचारायला लागले, यंदा तो मुलींचा कार्यक्रम नाही का? आता आम्ही फक्त बँडची नावं छापतो, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

आमचे साउंडवाले काका मूळचे मंडपवाले. गणपतीचे कर्णे आणि लग्नाचे स्पीकर यांत त्यांची हयात गेली. पहिल्या वर्षी एकाही गाण्याचा एकही शब्द कुणाला कळला नाही. गिटारवाले आपापला अँप वाढवत गेले, काकांनी माइक वाढवला, मग फीडबॅकची शिटी, मग सगळ्यांनी कानावर हात. दुसऱ्या वर्षी काकांनी माइकला हातच लावला नाही. गिटारचा आवाजच कापला, तोही सगळा नाही, मधलाच. बाईच्या आवाजातले शब्द जिथं उमटतात, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, नेमकी तिथंच डिस्टॉर्शनवाली गिटार ठाण मांडून असते. काकांच्या भाषेत, “खुर्चीत आधीच कुणी बसलंय. त्याला उठवल्याशिवाय ताईंना कुठं बसवू?”

एक गायिका लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली. गिटारवाल्यानं स्केल विचारली, ती म्हणाली, “काळी पाच.” तो बघतच राहिला. पट्टी एकच, पण त्याला पेटीवरची काळी पाच ठाऊक नाही, हिला ए शार्प ठाऊक नाही. शेवटी काकाच मध्ये पडले. मोकळ्या तारांचे सोपे कॉर्ड त्या पट्टीत बसेनात, म्हणून पठ्ठ्यानं पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि ए चेच आकार धरून गाणं वाजवलं. साउंडचेक दीड तास लांबला. मला राग यायला हवा होता, पण मी केबल गुंडाळत ऐकत राहिलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझ्या लेखी हा कार्यक्रम म्हणजे प्रत्येक बँडच्या शेवटच्या गाण्याआधीची ती दोन मिनिटं.

ही प्रथा कुणी ठरवून पाडलेली नाही. पहिल्याच वर्षी एका गिटारची तार तुटली. गिटारवाला ती बदलतोय तोवर स्टेजवर नुसती शांतता. गायिका हातात माइक घेऊन उभी, काय बोलावं ते सुचेना. मागून कुणीतरी ओरडलं, “घरी काय सांगून आलीस?” ती म्हणाली, “इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट पुऱ्या करायला मैत्रिणीकडे.” हशा झाला. मग ती काकुळतीनं म्हणाली, “शीट खरंच राहिल्यात. कुणाला येतं का?” दोन हात वर झाले. तेव्हापासून शेवटच्या गाण्याआधी हॉलमधून तोच प्रश्न येतो आणि प्रत्येकीला उत्तर द्यावंच लागतं.

एकीनं आईला सांगितलं होतं, की १९६९ साली उषा उथुप मद्रासच्या नाइटक्लबात साडी नेसून गायल्या, तर मला काय होतंय? आई म्हणाली, मग तूही नेस. आणि ही खरोखर नेसून आली. पदर कमरेला खोचून हेडबँगिंग पाहिलेली माणसं पुण्यात थोडीच असतील, त्यांतला मी एक.

२०१३ ची गोष्ट वेगळी. फेब्रुवारीतच काश्मीरच्या ‘प्रगाश’ची बातमी आली होती. दहावीतल्या तीन मुलींचा बँड. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत वाजवलं, बक्षीस मिळालं, मग ऑनलाइन धमक्या, त्यावर फतवा, आणि मुलींनी बँड बंद केला. आमच्या रात्री तिसऱ्या बँडच्या मुलीला नेहमीचा प्रश्न आला. तिनं आधी त्या तिघींचं सांगितलं. मग म्हणाली, “आमच्याकडे फतवा निघत नाही. मावशीचा फोन येतो.” लोक हसले. ती थांबली आणि म्हणाली, “आमची पहिली ड्रमर अशाच एका फोनमध्ये गेली.” हसू जिथल्या तिथं राहिलं. नव्या ड्रमरनं, ती पथकात ताशा वाजवणारी पोरगी, काहीच न बोलता चार काउंट दिले आणि गाणं सुरू झालं. त्या गाण्यातला तिचा स्नेअरवरचा रोल म्हणजे सरळसरळ लक्ष्मी रोडवरचा ताशा होता. माझ्या अंगावर काटा आला. मी तेव्हा दारावर शंभराच्या नोटा मोजत होतो, मोजणी चुकली, आणि ती चूक माझ्या वहीत अजून तशीच आहे.

आणि ते बाबा. कीर्तनाला पेटीची साथ करणारे गृहस्थ, बारच्या उंच स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेले, समोर फ्रेश लाइम. काळी पाचवालीला प्रश्न आला, तेव्हा तिनं नुसतं बोट दाखवलं, “आज काहीच सांगितलं नाही. ते काय बसलेत.” सगळा हॉल वळून बघायला लागला, तसे ते पिशवीत काहीतरी शोधायला लागले. नंतर काकांपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “आवाज लागला. पण तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याचे शब्द गेले. त्या मुलाला सांगा, साथ म्हणजे मागं राहणं.” मुलीला मात्र म्हणाले, “चल, उशीर झाला.” काकांच्या मिक्सरवर गिटारच्या चॅनलखाली चिकटपट्टी आहे, तिच्यावर पूर्वी ‘गिटार’ लिहिलेलं होतं. आता ‘साथ’ लिहिलंय.

मदत करणाऱ्यांची नावं लिहू नकोस, असं बहुतेकांनी बजावलंय. कुणाच्या ऑफिसात माहीत नाही, कुणाच्या सासरी. म्हणून खुणेनंच सांगतो, ज्याचं त्याला कळेल. साउंडवाले काका आणि त्यांचा भाचा. सांगवीहून रिक्षात बेसचा अँप मांडीवर घेऊन येणारा सडपातळ मुलगा. दारावर हातावर शिक्का मारणाऱ्या दोघी. शाई संपली तेव्हा त्यांनी बॉलपेननं पंचाहत्तर हातांवर चांदणी काढली. गायिकांसाठी न सांगता कोमट पाण्याचा जग भरून ठेवणारा वेटर. पोस्टर करणारी, आणि तिच्याशी भांडूनही ते रात्रभर छापून देणारे अप्पा बळवंत चौकातले प्रेसवाले. स्वतःच्या पैशानं तारांचे सेट आणून ठेवणारा, त्या पहिल्या वर्षीचा तार तुटलेला गिटारिस्ट. ज्या दोघांनी त्या शीट खरोखर पुऱ्या करून दिल्या, ते. रात्री बाराला मुलींना हॉस्टेलवर सोडून येणारा आमच्यातला एकमेव गाडीवाला. फोटोवाला. त्याची बायको, कारण फोटो तीच निवडते. आणि माझ्या सासूबाई. ड्रमखाली काही घातलं नाही तर किक मारता मारता आख्खा सेट पुढं सरकतो. पहिल्या वर्षी आयत्या वेळी त्यांनी सत्यनारायणाची सतरंजी काढून दिली. ती अजून परत केलेली नाही. कुणी राहिलं असेल तर रागवू नका, फोन करा.

आता न येणाऱ्यांबद्दल. एका वर्षी पहिल्या बँडसमोर अकरा माणसं होती, त्यांत तीन वेटर, काका आणि मी. हिंजवडीचं ट्रॅफिक मला मान्य आहे, पण तिकडून येऊन ड्रम लावणारी मुलगी सहाला हजर असते. मग आपल्या मित्राचा बँड झाला की बाहेर चहा-सिगारेटला जाऊन परत न येणारे. मग दुसऱ्या दिवशी ‘कमाल झाली म्हणे, फोटो टाका ना’ म्हणणारे. ज्यानं ही कल्पना पहिल्यांदा काढली, तो आमचा मित्र बाणेरला राहतो आणि चार वर्षांत फिरकलेला नाही; रॉक ऐकायला शिलाँगला मात्र जाऊन आला, आणि तिथं कसं सगळं गाव गातं ते मला ऐकवतो. गाव गात असेल, पण ऐकायला वेळेवर येत असेल, हेही बघून यायचं ना.

पहिल्या बँडचं कुणी ऐकत नाही म्हणून यंदा क्रम चिठ्ठ्या टाकून काढला. पहिली चिठ्ठी त्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगवालीची निघाली. ती आता कॉलेजात शिकवते, नवा बँड घेऊन येतेय, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न तिला आता नाही असं म्हणते. बघू.

बंद हॉलला दहाचा नियम तसा लागू नाही, पण दार उघडलं की आवाज रस्त्यावर जातो आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येतात, म्हणून दहाला संपवायचं. म्हणजे आठला सुरू. आठला म्हणजे आठला.