सुई-बॉबिनवर चालणारं दुकान

अफिलिएटचं दुकान, म्हणजे दुसऱ्याच्या मालाची लिंक द्यायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं असं दुकान, काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: महाग वस्तू निवडा. वीस हजारांच्या वस्तूवर पाच टक्के धरले तर हजार रुपये, अडीचशेच्या वस्तूवर साडेबारा. कागदावर हिशोब बरोबर आहे. माझी साइट मात्र शिलाई मशीनच्या सुया, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) आणि फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा सुटा भाग) यांच्यावर चालते. खुद्द मशीनच्या लिंकवर लोक भरपूर टिचक्या मारतात, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही.

कारण साधं आहे. अमेझॉनच्या असोसिएट्स या कमिशनच्या योजनेत कुणी तुमच्या लिंकवरून आत गेलं की २४ तासांची मुदत सुरू होते. तेवढ्यात जे घेतलं त्यावर कमिशन. वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली तर थोडी सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबून धंदा होत नाही. आता आपल्याकडे बारा हजारांची मशीन कशी घेतली जाते ते आठवा. बाई आज वाचते. रात्री नवऱ्याच्या कानावर घालते. तो म्हणतो, दिवाळीला बघू. मग नणंद आपल्या मशीनचे गोडवे गाते, मग बाजारपेठेत जाऊन चाक फिरवून बघणं होतं, आणि शेवटी दुकानदार हप्त्यानं देतो म्हणून तिथूनच उचलली जाते. माझे चोवीस तास केव्हाच उलटलेले. सुईचं तसं नाही. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज मशीनवर अडकलाय आणि परवा हळद आहे. सुई लागते ती आत्ता.

शिवाय सुई घ्यायला गेलेली बाई नुसती सुई घेऊन परत येत नाही. कमिशन तिच्या सगळ्या पिशवीवर मिळतं. अहवालात कुणी घेतलं ते कळत नाही, काय घेतलं तेवढं दिसतं, आणि ते वाचण्यात माझी अर्धी करमणूक आहे: बॉबिनचा डबा, कुकरची रिंग, पोराची पाण्याची बाटली, आणि मधेच एखादा मिक्सर. नव्या माणसाला आणखी एक फायदा. खातं उघडल्यापासून १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. छोट्या वस्तूंवर त्या तीन विक्री लवकर होतात.

साइट उभी करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. साइट बनवायचं वर्डप्रेस, त्यावर दुकान मांडायचं वूकॉमर्स, आणि प्रॉडक्टचा 'एक्स्टर्नल' हा प्रकार. बटण दाबलं की गिऱ्हाईक थेट अमेझॉनवर. एका दुपारी दुकान तयार होतं आणि म्हणूनच अशा दुकानांना कुणी विचारत नाही. कंपनीनं लिहिलेलं वर्णन तिथून उचलून इथे चिकटवायचं, या प्रकाराला गूगलच्या स्पॅमच्या नियमांत स्वतंत्र नाव आहे आणि ती पानं वर येत नाहीत. दुकानात तुम्ही स्वतःचं काय घातलंत, हाच प्रश्न उरतो.

माझ्याकडे घालायला शिवणक्लास होता. सांगलीत घरीच बायकांना शिकवायचे, त्यामुळे माणूस नेमका कुठे अडतो हे पाठ आहे. फूट ऑनलाइन मागवलेल्या दहाजणींपैकी निम्म्या तरी एकाच ठिकाणी ठेचकाळतात: आलेला फूट मशीनला बसतच नाही. फूट मशीनला ज्या उंचीवर आवळला जातो तिच्यावरून लो शँक आणि हाय शँक असा फरक असतो आणि विकणारा तो कुठेतरी बारीक अक्षरात लिहून मोकळा होतो. मी एवढंच सांगते: फूट खाली सोडा. पट्टी घ्या. खालच्या पत्र्यापासून, फूट ज्या स्क्रूनं आवळलाय त्याच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण अर्धा इंच आलं तर लो शँक, इंचभर आलं तर हाय शँक. घरगुती मशीन बहुतेक लो, कारखान्यातली जुकी कंपनीची मोठी मशीन हाय. या पानावर माझ्या मशीनचा पट्टी लावलेला फोटो आहे, उजेड बेताचाच, पट्टीवर खडूचे डाग. तोच फोटो सगळ्यात जास्त विक्री करतो.

दुसरं पान सुईचं. 'मशीन टाके सोडते' असं लिहून लोक शोधतात. 'सुई विकत घ्या' असं कुणी शोधत नाही. टाके सोडण्याचं कारण बऱ्याचदा सुईच असते: बोथट झालेली, उलटी बसवलेली, नाहीतर कापडाला चुकीच्या नंबरची. सुती ब्लाऊजला १४, जॉर्जेटला ११, जीन्सला १६, आणि ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट. घरगुती मशीनच्या सुईचं वरचं जाड टोक एका अंगानं सपाट असतं, जुकीच्या डीबी×१ सुईचं गोल. बाई आधी सुई काढून उलटसुलट करून बघते, तिचा टाका बसतो, आणि मग पुढच्या वेळेसाठी पाकीट मागवते. टाका बसला तरी लिंक दाबलीच जाते, कारण बोथट सुई आज ना उद्या बदलायचीच असते.

नियमांचं थोडक्यात. किंमत हातानं टाईप करून लिहायची नाही, ती त्यांच्या यंत्रणेतून यायला हवी, नाहीतर लिहूच नये. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घ्यायचं नाही. बहिणीला, जावेला, मैत्रिणीला घ्यायला लावणंही चालत नाही, त्यामुळे 'अगं, माझ्या लिंकवरून घे ना' हा आपला आवडता धंदा बंद. आणि कमिशन मिळतं हे सांगायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये जाहिरात-शिफारशींबद्दल सूचना काढल्या, त्यात ही कबुली ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत असावी असं म्हटलंय. मराठी लेखाखाली बारीक इंग्रजी ओळ ठेवणारे बरेच दिसतात. मी वरच लिहिते: 'तुम्ही या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, तुम्हाला जादा पडत नाही.' यावरून एकही वाचक उठून गेल्याचं मला जाणवलेलं नाही.

पैसे उशिरा येतात. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी, आणि माल परत गेला तर त्याचं कमिशनही वजा. कापून घेतला जाणारा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला, ते बरं झालं. पण लहान धंद्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची जी सोपी पद्धत आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. होस्टिंग, इंटरनेट, फोटोसाठी घेतलेले फूट, सगळ्याच्या पावत्या जपा आणि सीएला पहिल्याच वर्षी गाठा.

ऑगस्ट २०२४ पासून गूगल आपल्याकडे हिंदी-इंग्रजीत एआयनं तयार केलेलं उत्तर शोधाच्या निकालांच्या वरच देऊ लागलं. दोन ओळींत संपणाऱ्या माझ्या हिंदी लेखांचे वाचक तेव्हापासून रोडावलेत: 'बॉबिन कशी भरायची' वगैरे. मोजून, बसवून, शिवून बघावी लागतात ती पानं टिकून आहेत. सध्या बत्तीस फुटांच्या सेटवर लिहितेय. सगळ्या साइटी तो सेट घ्या म्हणतात, कमिशन बरं सुटतं. ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवणाऱ्या बाईला त्यातले पाच-सहाच लागतात: लपलेल्या चेनचा, साध्या चेनचा, बारीक हेम दुमडणारा, चुण्यांचा, काजाचा, आणि ताणाच्या कापडाला चिकटू न देणारा टेफ्लॉनचा. त्यातही काजाचा आणि टेफ्लॉनचा काळ्या सरळ टाक्याच्या मशीनवाल्यांनी सोडूनच द्यावा: काजाला झिगझॅग लागतो, आणि ताणाचं कापड सरळ टाक्यात ओढलं की तटकन तुटतं. मी सुट्या फुटांच्याच लिंक देणार आहे.